नव्या प्रोसेसरचा बोर्ड घेताय? आधी ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट असा तपासा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: ‘प्रोजेक्टसाठी रिस्क-फाइव्हचा बोर्ड घ्यायचाय, त्यावर लिनक्स चालतं ना?’ (रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा एक नवा, खुला प्रकार, त्याची ओळख पायरी १ मध्ये आहे.) बोर्डाच्या जाहिरातीत ‘लिनक्स सपोर्टेड’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतंच. ते वाचून पैसे भरायचे, आणि बोर्ड हातात आल्यावर कळायचं की चालणारं लिनक्स कंपनीने काही वर्षांपूर्वी बनवून सोडून दिलेलं आहे, वायफाय लागत नाही, अपडेट येत नाहीत, ब्राउझर उघडला की स्क्रीन अडखळते. सगळं सेमिस्टर त्यातच जातं. हे टाळता येतं, आणि त्यासाठी आधी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. आहे त्या लॅपटॉपवर बसून बहुतेक गोष्टी तपासता येतात.

टर्मिनल उघडता येणं आणि सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम कंपाइल करता येणं, एवढी तयारी पुरे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरांत करायच्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या प्रोसेसरला सपोर्ट ‘आहे की नाही’ एवढं विचारून काहीच हाती लागत नाही. तो सपोर्ट कुठे ठेवलेला आहे ते विचारा: सगळ्यांच्या मुख्य लिनक्स कर्नलमध्ये (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) आणि नेहमीच्या डिस्ट्रोमध्ये (म्हणजे उबंटू, डेबियनसारख्या तयार लिनक्समध्ये), की कंपनीने स्वतःजवळ ठेवलेल्या वेगळ्या प्रतीत? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाकडे नेतात.

पायरी १: आपल्या हातात काय आहे ते ओळखा

टर्मिनलमध्ये ‘यूनेम -एम’ टाइप करा. इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर ‘एक्स८६_६४’ असं उत्तर येईल. रास्पबेरी पायवर ६४-बिट सिस्टीम असेल तर ‘एआर्च६४’, म्हणजे आर्म. रिस्क-फाइव्हच्या यंत्रावर ‘रिस्कव्ही६४’. विंडोजवाल्यांनी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडावं. ‘सिस्टीम टाइप’च्या ओळीत हेच दिसतं.

ही आर्किटेक्चरची नावं आहेत. प्रोसेसरला कोणत्या सूचना समजतात हे आर्किटेक्चर ठरवतं. एक्स८६ इंटेल आणि एएमडीच्या हातात आहे. आर्मचे आराखडे परवाना घेऊन इतर कंपन्या वापरतात. तुमच्या खिशातला फोन जवळजवळ नक्कीच आर्मवर चालतो. रिस्क-फाइव्हची सुरुवात २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या प्रयोगशाळेत झाली. क्रस्ते असानोविच, अँड्र्यू वॉटरमन, युनसुप ली आणि डेव्हिड पॅटरसन ही त्यामागची माणसं. त्याची विनिर्देशं खुली आहेत, त्यामुळे परवान्याचे पैसे न भरता कोणीही त्यावर प्रोसेसर बनवू शकतो. चीनमध्ये लूंगसन कंपनीचं लूंगआर्चही आहे, ते २०२२ साली लिनक्स ५.१९ मध्ये आलं.

आपल्याकडे आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही प्रकल्प रिस्क-फाइव्हवरच उभे आहेत. शक्तीच्या एका चिपवर २०१८ सालीच लिनक्स बूट झालं होतं. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, पण ‘वेगा’चं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्रात झालं.

इथेच नवख्यांची एक फसगत होते. वेगा मालिकेतली ‘तेजस३२’ ही चिप असलेले ‘एरीज’ बोर्ड सहज मिळतात. रिस्क-फाइव्ह आहे, भारतीय आहे, मग लिनक्स चालेलच असं वाटतं. पण तेजस३२ हा १०० मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर आहे, त्यात २५६ किलोबाइट रॅम आहे, आणि तो आर्डुइनोसारख्या कामासाठी बनवलाय. नेहमीच्या लिनक्सला एमएमयू, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी दाखवणारा भाग लागतो, आणि तो तेजस३२ मध्ये नाही. इएसपी३२-सी३ किंवा रास्पबेरी पाय पिको २ यांचंही तसंच. असे बोर्ड शिकायला उत्तम आहेत, पण त्यांवर फ्रीआरटॉस किंवा झेफिर अशा मायक्रोकंट्रोलरसाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीम चालवा, उबंटू नव्हे. म्हणून डेटाशीटमध्ये ‘एमएमयू’ हा शब्द सगळ्यात आधी शोधा. तो नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

पायरी २: आर्किटेक्चर, चिप आणि बोर्ड या तीन गोष्टी वेगळ्या धरा

पीसीची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. कोणताही पीसी घ्या, पेनड्राइव्हवर उबंटू टाका, लावा, चालतं. ते चालतं कारण पीसीच्या जगात यूइएफआय आणि एसीपीआय आहेत: कोणतं उपकरण कुठे आहे ते यंत्र स्वतःच ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतं. छोट्या आर्म आणि रिस्क-फाइव्ह बोर्डांवर बहुधा तसं नसतं. चिपच्या आत सिरियल पोर्ट कोणत्या पत्त्यावर आहे, इथरनेटला क्लॉक कुठून मिळतं, हे कर्नलला बाहेरून कळवावं लागतं. परक्या लग्नघरात आलेल्या आचाऱ्याच्या हाती कोणतं पातेलं कुठल्या खोलीत आहे याची यादी द्यावी, तशी एक यादी कर्नलच्या हाती दिली जाते. तिचं नाव डिव्हाइस ट्री.

आर्मच्या जगात पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी थेट कर्नलच्या कोडमध्ये लिहिलेली असायची. बोर्ड वाढले तसा तो गोंधळ इतका वाढला की २०११ साली लिनक्सचा जनक लायनस टॉरवाल्ड्‌सने त्यावर जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. त्यानंतर आर्मवाले डिव्हाइस ट्रीकडे वळले. रिस्क-फाइव्हचा कोड लिनक्समध्ये ४.१५ या आवृत्तीत, २०१८ च्या जानेवारीत आला. तोवर हा धडा शिकून झालेला होता, म्हणून त्याने सुरुवातीपासूनच डिव्हाइस ट्री वापरली.

तेव्हा ‘लिनक्स रिस्क-फाइव्हवर चालतं’ हे वाक्य खरं असूनही तुमच्या बोर्डाबद्दल त्यातून फारसं कळत नाही. तुमच्या बोर्डाची डिव्हाइस ट्री आणि चिपमधल्या उपकरणांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत का, हे वेगळं पाहावं लागतं.

रिस्क-फाइव्हमध्ये आणखी एक पेच आहे. त्याचा इन्स्ट्रक्शन सेट तुकड्यातुकड्यांनी बनतो. मूळ पाया छोटा, त्यावर गुणाकार-भागाकार, फ्लोटिंग पॉइंट, आखूड सूचना, व्हेक्टर अशी एकेका अक्षराची जोड. बोर्डाच्या माहितीत ‘आरव्ही६४जीसी’ दिसतं ते हेच. कोणी कोणती अक्षरं घ्यायची याला शिस्त लागावी म्हणून ‘प्रोफाइल’ ठरवले गेले: आरव्हीए२०, आरव्हीए२२, आणि २०२४ मध्ये मंजूर झालेला आरव्हीए२३. या शेवटच्यात व्हेक्टर (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) आणि हायपरव्हायजर (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवायची सोय) सक्तीचे आहेत. डेबियनला आरव्ही६४जीसी पुरतं. उबंटूने मात्र २५.१० पासून आरव्हीए२३ ची अट घातली, त्यामुळे बाजारातले बरेच जुने बोर्ड उबंटू २४.०४ वरच राहिले. म्हणजे एकच बोर्ड एका डिस्ट्रोत बसतो आणि दुसऱ्या डिस्ट्रोच्या नव्या आवृत्तीत बसत नाही. घेण्याआधी बोर्डाचा प्रोफाइल विचाराच. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर चिपच्या डेटाशीटमध्ये पाहा.

मानक ठरण्याआधीच चिप बाजारात आली तर काय होतं याचं उदाहरण टी-हेड या चिनी चिप कंपनीच्या सी९०६ आणि सी९१० या कोअरमध्ये दिसतं. त्यांनी व्हेक्टरचा ०.७.१ हा मसुदा सिलिकॉनमध्ये उतरवला. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या १.० शी तो जुळत नाही. शिवाय मेमरीचा एखादा भाग कॅशमध्ये ठेवायचा की नाही, हे सांगायला त्यांनी पेज टेबलमधले (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातले) राखीव ठेवलेले बिट वापरले. नंतरच्या मानकाने तेच काम वेगळ्या पद्धतीने ठरवलं. लिनक्सच्या लोकांनी या कोअर बाहेर टाकल्या नाहीत. बूट होताना कर्नल प्रोसेसर कोणाचा ते विचारतो, टी-हेडचा निघाला तर स्वतःच्या कोडमधल्या काही सूचना तिथल्या तिथे बदलून घेतो, आणि पुढे जातो. ती दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये आहे म्हणूनच हे बोर्ड आजही वापरता येतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. त्यामागच्या बहुतेक माणसांची नावं बोर्ड वापरणाऱ्याला कधी कळतही नाहीत.

पायरी ३: बोर्ड न घेता लॅपटॉपवर चालवून पाहा

फाब्रिस बेलारने २००३ साली सुरू केलेला क्यूएमू हा एम्युलेटर वापरायचा. डेबियन-उबंटूच्या पॅकेज यादीत क्यूएमूचं रिस्क-फाइव्ह सिस्टीमचं पॅकेज शोधून बसवा. मग पहिल्यांदा काहीही ऑपरेटिंग सिस्टीम न देता नुसतं यंत्र सुरू करा: ‘क्यूएमू-सिस्टीम-रिस्कव्ही६४’, पुढे ‘-मशीन व्हर्ट’, पुढे ‘-नोग्राफिक’.

स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ओपनएसबीआय (कर्नलच्या आधी चालणारं फर्मवेअर) असं नाव येईल आणि खाली माहितीची यादी. ती घाईघाईने पुसू नका, सावकाश वाचा. ‘प्लॅटफॉर्म नेम’च्या ओळीत यंत्राचं नाव दिसेल. ‘बूट हार्ट’ म्हणजे ज्या कोअरवरून सुरुवात झाली ती. आयएसएच्या, म्हणजे इन्स्ट्रक्शन सेटच्या, ओळीत मघाची ती अक्षरं दिसतील. ‘नेक्स्ट मोड’ पुढे एस-मोड लिहिलेलं असेल. रिस्क-फाइव्हमध्ये अधिकाराचे तीन मुख्य स्तर आहेत: सर्वात वरचा एम-मोड फर्मवेअरचा, एस-मोड कर्नलचा आणि यू-मोड आपल्या प्रोग्रॅमचा. ओपनएसबीआय एम-मोडमध्ये बसून कर्नलला एस-मोडमध्ये सोडतं. पुढे कर्नल दिलेला नाही, म्हणून यंत्र इथेच थांबेल. बाहेर पडायला कंट्रोल आणि ए एकत्र दाबा, सोडा, मग एक्स. हे माहीत नसलं तर माणूस खिडकीच बंद करून बसतो.

आता याच यंत्राची डिव्हाइस ट्री पाहू. मशीनच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘डम्पडीटीबी=’ आणि फाइलचं नाव लिहिलं की क्यूएमू ती यादी फाइलमध्ये टाकून बंद होतो. ‘डीटीसी’ या साधनाने तिचा वाचता येईल असा मजकूर करा. त्यात मेमरी ‘८०००००००’ या हेक्स पत्त्यापासून सुरू होताना दिसेल आणि सिरियल पोर्ट ‘१०००००००’ वर. सिरियल पोर्टच्या नोंदीत ‘कम्पॅटिबल’ या शब्दापुढे ‘एनएस१६५५०ए’ असं आहे. कर्नल हा शब्द वाचतो, आपल्या ड्रायव्हरांच्या यादीत तोच शब्द शोधतो, आणि सापडला तर तो ड्रायव्हर त्या पत्त्याशी जोडतो. ‘सपोर्ट’ नावाची गोष्ट प्रत्यक्षात इतकी साधी आहे: दोन्हीकडचा शब्द जुळला तर उपकरण चालतं, नाही जुळला तर कर्नलच्या दृष्टीने ते तिथे नसतंच.

मग पूर्ण सिस्टीम. उबंटू २४.०४ ची रिस्क-फाइव्हची तयार सर्व्हर इमेज उतरवा, यू-बूटचं, म्हणजे कर्नल शोधून सुरू करणाऱ्या बूटलोडरचं, क्यूएमूसाठीचं पॅकेज बसवा, त्यातली एस-मोडची फाइल ‘-कर्नल’ म्हणून द्या, आणि इमेज व्हर्टआयओ (आभासी यंत्रासाठीची) डिस्क म्हणून जोडा. रॅम दोन जीबी तरी द्या. इथे प्रत्येक सूचना तुमच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलून चालवली जाते, त्यामुळे बूट व्हायला बराच वेळ लागेल. या वेगावरून खऱ्या बोर्डाचा वेग ठरवू नका. आत गेल्यावर ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल वाचा, आणि प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस बसवून पाहा. जे इथे बसत नाही ते बोर्डावरही बसणार नाही. आरव्हीए२३ चं काय होतं ते बघायचं असेल तर क्यूएमूच्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्या प्रोफाइलचा सीपीयू निवडता येतो.

पायरी ४: तुमचा स्वतःचा कोड तिथे चालतो का?

ऑपरेटिंग सिस्टीम चालली तरी आपला कोड चालेलच असं नाही. हे बघायला पूर्ण सिस्टीमही लागत नाही. रिस्क-फाइव्हचा क्रॉस कंपायलर आणि क्यूएमूचं ‘यूजर’ पॅकेज बसवा. क्रॉस कंपायलर म्हणजे तुमच्या एक्स८६ लॅपटॉपवर चालून दुसऱ्या आर्किटेक्चरचा प्रोग्रॅम बनवणारा. ‘-स्टॅटिक’ देऊन एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल करा आणि तयार फाइलवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. उत्तरात ‘यूसीबी रिस्क-फाइव्ह’ असं दिसेल. ते यूसीबी म्हणजे बर्कलीच.

आता हा प्रयोग जरूर करा. सी मध्ये एक ‘कॅर’ व्हेरिएबल घ्या, त्यात उणे एक ठेवा, आणि ते शून्यापेक्षा लहान आहे का ते छापा. लॅपटॉपवर ‘हो’ येईल. तोच प्रोग्रॅम रिस्क-फाइव्हसाठी कंपाइल करून क्यूएमूने चालवा, ‘नाही’ येईल. लिनक्सवर एक्स८६ मध्ये नुसता ‘कॅर’ चिन्हासह धरला जातो, आर्म आणि रिस्क-फाइव्हमध्ये चिन्हाविना. सी चं मानक दोन्हीला परवानगी देतं. फाइल संपेपर्यंत एकेक अक्षर वाचणारं लूप, ज्यात वाचलेलं अक्षर ‘इंट’ऐवजी ‘कॅर’मध्ये ठेवलंय, ते एक्स८६ वर थांबतं आणि रिस्क-फाइव्हवर कधीच थांबत नाही. कॉलेजच्या जुन्या असाइनमेंटमध्ये हा कोड सर्रास सापडतो.

याहून अवघड चूक थ्रेडची. एका थ्रेडने आधी डेटा लिहिला आणि मग ‘तयार आहे’ असा झेंडा लावला, तर एक्स८६ वर दुसऱ्या कोअरला ते लिखाण त्याच क्रमाने दिसतं. आर्म आणि रिस्क-फाइव्हवर क्रम बदललेला दिसू शकतो: झेंडा दिसतो, डेटा जुनाच. लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला कोड इथे कधीतरीच, तेही लोड असताना, चुकीचं उत्तर देतो. एक्स८६ लॅपटॉपवरच्या क्यूएमूमध्ये ही चूक बहुधा दिसणारच नाही, कारण खालचा प्रोसेसर एक्स८६ आहे. तेव्हा थ्रेडमध्ये वाटून घेतलेल्या व्हेरिएबलना सी११ चे ‘अ‍ॅटॉमिक’ प्रकार किंवा म्युटेक्स वापरा. ‘आपल्याकडे कधी बिघडलं नाही’ हे इथे प्रमाण नाही. अ‍ॅपलने एम१ या आपल्या आर्म चिपमध्ये एक्स८६ चा हा क्रम पाळणारा खास मोड हार्डवेअरमध्येच घातला, म्हणून एक्स८६ च्या सूचनांचं भाषांतर करणारा रोझेटा २ जुने प्रोग्रॅम इतक्या वेगाने चालवू शकतो.

पेजचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीचे जे ठरावीक तुकडे करते त्यांचा, आकारही बघा. एक्स८६ वर ४ किलोबाइटचं पेज गृहीत धरायची सवय असते. रास्पबेरी पाय ५ ची नेहमीची सिस्टीम १६ किलोबाइटची पेजेस वापरते, आणि आकार गृहीत धरणारे काही प्रोग्रॅम तिथे सुरूच होत नाहीत. एसएसइ किंवा एव्हीएक्स या फक्त एक्स८६ च्या सूचना थेट लिहिलेला कोड असेल तर तो बहुधा नव्याने लिहावा लागेल.

पायरी ५: तयार सॉफ्टवेअरची यादी करा

प्रोजेक्टला लागणारं सगळं कागदावर लिहा आणि एकेकाचं आर्किटेक्चर तपासा. डेबियनच्या पॅकेज पानावर प्रत्येक पॅकेजखाली आर्किटेक्चरची यादी असते. रिस्क-फाइव्हला ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अधिकृत दर्जा आहे. जावा चालतं, ओपनजेडीके १९ मध्येच लिनक्स-रिस्क-फाइव्हचा कोड आला. पायथन चालतं, पण पिपने एखादी लायब्ररी बसवताना तयार बिल्ड मिळाली नाही तर बोर्डावरच कंपाइल करावी लागते, आणि मोठ्या लायब्ररीला त्यात तास जातात. शक्य तिथे डिस्ट्रोचंच पॅकेज घ्या.

सोर्स मिळत नाही अशा प्रोग्रॅमना एकच वाट उरते, भाषांतर करून चालवणं. विंडोज ११ आर्मवर एक्स८६ चे प्रोग्रॅम असेच चालवतं, लिनक्सवर बॉक्स६४ आहे. ही वाट भारतात एकदा उलट दिशेनेही चालून झाली आहे. एप्रिल २०१२ मध्ये लाव्हा कंपनीने झोलो एक्स९०० आणला, इंटेलच्या अ‍ॅटम चिपवरचा पहिला अँड्रॉइड फोन. अँड्रॉइड एक्स८६ वर नीट चालत होतं. पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये आर्मसाठी बनवलेला कोड होता, आणि तो भाषांतर करून चालवावा लागे. चार वर्षांनी इंटेलने फोनच्या अ‍ॅटम चिप बंद केल्या.

पायरी ६: सपोर्ट कुठे राहतो ते शोधा

आता मुख्य तपासणी. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये ‘आर्च’ फोल्डर, त्यात ‘रिस्कव्ही’, त्यात ‘बूट’, त्यात ‘डीटीएस’ असं जा. कंपन्यांच्या नावांचे फोल्डर दिसतील. तुमच्या बोर्डाची फाइल तिथे आहे का? असेल तर उघडा. इथरनेट, यूएसबी, पीसीआयई, एचडीएमआय यांतलं काय काय त्यात नोंदलंय ते पाहा. जे नाही ते मुख्य कर्नलवर चालणार नाही. फाइलच नसेल तर बोर्ड कंपनीच्या प्रतीवर अवलंबून आहे.

कंपनीची प्रत वाईटच असते असं नाही. नवी चिप आली की सुरुवातीला तीच असते, आणि मुख्य कर्नलमध्ये गोष्टी टप्प्याटप्प्याने जातात. कंपनी त्या वाटेवर आहे का, हे पाहायचं. स्टारफाइव्हने आपल्या जेएच७११० चिपचा कोणता ड्रायव्हर कर्नलच्या कोणत्या आवृत्तीत गेला याचा तक्ता उघड ठेवला आहे. असं पान दिसलं की माझा विश्वास वाढतो. नुसती झिप फाइल आणि एक जुनी इमेज दिसली की कमी होतो. मुख्य कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. कंपनीची प्रत वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर असेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथे पोहोचत नाहीत.

जीपीयू सगळ्यात शेवटी येतो, हे धरूनच चाला. रिस्क-फाइव्हच्या बऱ्याच चिपमध्ये इमॅजिनेशन कंपनीचे जीपीयू आहेत. त्यांचा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.८ पासून, म्हणजे २०२४ पासून आहे, पण तो प्रत्येक मॉडेलला चालत नाही. डेस्कटॉप म्हणून बोर्ड वापरायचा असेल तर नेमकं मॉडेल तपासा. सर्व्हर, रोबो किंवा सेन्सरच्या कामाला जीपीयूची फिकीर नको.

सोर्सच्या मुळाशी ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल आहे. तिच्यात तुमच्या चिपचं नाव शोधा आणि ‘एस’ने सुरू होणारी ओळ वाचा. ‘सपोर्टेड’ म्हणजे कोणीतरी पगारावर ते सांभाळतंय. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे. ‘ऑर्फन’ असेल तर दुसरा बोर्ड शोधा.

माणसं निघून गेली की कर्नलमधून आर्किटेक्चरही जातं. २०१८ मध्ये लिनक्स ४.१७ मधून ब्लॅकफिन, क्रिस, टाइल यांच्यासह आठ आर्किटेक्चर एकदम काढली गेली. इटेनियमची गोष्ट तर प्रत्येक नवख्याला माहीत हवी. इंटेल आणि एचपीने १९९४ मध्ये एकत्र येऊन हे ६४-बिट आर्किटेक्चर घडवलं, पहिली चिप २००१ मध्ये आली. ऑपरेटिंग सिस्टीमची वानवा नव्हती: एचपी-यूएक्स, विंडोज, लिनक्स, सगळे तयार. एएमडीने वेगळी वाट धरली. जुन्या एक्स८६ चाच विस्तार करून ६४-बिट केलं. त्यावरचं लिनक्स चिप यायच्या आधीच सिम्युलेटरवर बूट झालं होतं, आणि एप्रिल २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन प्रोसेसर बाजारात आला. विंडोजची त्यासाठीची ६४-बिट आवृत्ती यायला २००५ उजाडलं, पण तोवर अडलं नाही, कारण जुने ३२-बिट प्रोग्रॅम ऑप्टेरॉनवर पूर्ण वेगाने चालत होते. इटेनियमवर ते रखडत. २००४ मध्ये इंटेललाच एएमडीचा विस्तार स्वीकारावा लागला.

त्यानंतर कोण कधी गेलं तो क्रम पाहा. रेड हॅटने २०१० च्या आरएचइएल ६ या आपल्या डिस्ट्रोमधून इटेनियम वगळलं. विंडोज सर्व्हर २००८ आर२ हीच त्यासाठीची शेवटची विंडोज ठरली. डेबियनने २०१५ च्या आवृत्तीत ते सोडलं. चिपची विक्री २०२१ मध्ये थांबली, आणि कर्नलमधून कोड निघाला तो अगदी शेवटी, जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये. डिस्ट्रो आधी सोडून जातात, कर्नल खूप उशिरा. म्हणून ‘कर्नलमध्ये आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. डेबियन, फेडोरा, उबंटू यांच्या ताज्या आवृत्तीच्या नोंदींत तुमचं आर्किटेक्चर कोणत्या दर्जात आहे ते दरवेळी वाचा.

पायरी ७: बोर्ड आला, आता पहिलं बूट

बोर्डाबरोबर ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल सिरियल केबल घ्याच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. एचडीएमआयवर चित्र येण्याआधी जे घडतं ते फक्त या केबलवर दिसतं. बोर्डाचा ग्राउंड केबलच्या ग्राउंडला, बोर्डाचा टीएक्स केबलच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. लाल तार, म्हणजे व्हीसीसी, मोकळी सोडा. बोर्डाला वीज त्याच्या अडॅप्टरने द्यायची. वेग बहुतेक वेळा १,१५,२००. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये लॉग फाइलमध्ये साठवण्याची सोय आधी चालू करा, मग वीज द्या.

बूट अडकलं तर शेवटची ओळ कोणती ते बघा. काहीच आलं नाही तर वायरिंग, वीज किंवा बूट कुठून करायचं ते ठरवणारे बोर्डावरचे छोटे स्विच तपासा. यू-बूटपर्यंत येऊन थांबलं तर त्याला कार्डवर कर्नल किंवा डिव्हाइस ट्रीची फाइल सापडत नाहीये. ‘स्टार्टिंग कर्नल’ येऊन शांतता पसरली तर बहुधा कन्सोलचं पॅरामीटर किंवा डिव्हाइस ट्री चुकीची आहे. कर्नल चालू असेलही, पण बोलतोय दुसऱ्याच पोर्टवर. ‘रूट एफएस माउंट करता येत नाही’ असं म्हणत कर्नल कोसळला तर कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही किंवा रूट पार्टिशनचं नाव चुकलंय.

तरीही उलगडा झाला नाही तर विचारा. रिस्क-फाइव्ह लिनक्सवर काम करणारी माणसं नवख्यांना उत्तर देतात, फक्त माहिती पुरती द्यावी लागते: बोर्डाचं नाव आणि त्यावर छापलेली आवृत्ती, ओपनएसबीआय, यू-बूट आणि कर्नल या तिघांच्या आवृत्त्या, कोणती इमेज कुठून घेतली, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा पूर्ण लॉग. स्क्रीनचा फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा. आणि कंपनीच्या इमेजवर अडचण आली असेल तर तीच गोष्ट मुख्य कर्नलवर करून पाहा. तिथेही तसंच घडतं का, हा पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.